गांजाबंदीचा ताळेबंद

'गांजा' हा शब्द महाविद्यालयाच्या मासिकात पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे गृहीत धरूनच मी हा लेख लिहावयास घेतला आहे. व्यसन या विषयावर बोलण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत 'व्यसन : समाजाला लागलेली कीड' हा विषय वर्षाआड तरी असतोच. त्यावर कुणीतरी टाळ्या घेतो, कुणीतरी ढाल घेतो आणि दुसऱ्या दिवशी फाटकासमोरच्या पानपट्टीवर नेहमीइतकीच गर्दी असते. भाषणाने गर्दी हटत नाही आणि बंदीनेही हटत नाही. मग बंदीने नेमके काय साधते, हा प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कोणत्याही पेढीविषयी मत देण्याआधी तिचा ताळेबंद पाहावा, असे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. तोच नियम कायद्यालाही लावावा असे मला वाटते. मी स्वतः गांजा ओढत नाही आणि कुणी ओढावा असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की गांजाच्या सरसकट बंदीचा हिशेब तोट्यात आहे. औषधासाठी तो आधी मोकळा करावा आणि पुढे प्रौढ माणसांसाठी सरकारी परवान्याखाली आणावा, हे या लेखाचे सूत्र आहे.

एका झाडाची तीन अपत्ये

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. झाड एकच. त्याचे पान म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याच झाडाची राळ म्हणजे चरस. १९८५ सालच्या अमली पदार्थविषयक कायद्याने, ज्याला सारे 'एनडीपीएस' म्हणून ओळखतात, गांजा व चरस यांना गुन्हेगार ठरवले. पण शेंड्यावाचूनची पाने आणि बिया यांना व्याख्येतून वगळले. त्यामुळे भांग सुटली. वाराणसीत, जैसलमेरात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. आपल्या कर्नाटकाच्या उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका आरोपीला जामीन देताना भांग या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे नमूद केले.

म्हणजे होळीला थंडाईतून पान प्याले तर सण आणि त्याच झाडाचे फूल चिलमीत घातले तर तुरुंग! गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एक किलोपर्यंतचा साठा 'अल्प' समजला जातो, तरी त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे. वीस किलोंच्या पुढे गेल्यास किमान दहा वर्षे, आणि तिथे जामीनही सहजासहजी मिळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या खिशात एक पुडी सापडली. कोर्टाने त्याला दंड करून सोडले. पण नोकरीच्या अर्जातला 'आपणांवर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?' हा रकाना त्याला अजून सोडत नाही. गांजाने त्याचे किती नुकसान केले ते मला ठाऊक नाही. खटल्याने किती केले ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

एकशे तीस वर्षांपूर्वीची चौकशी

हा वाद आजचा नाही. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात भारतातल्या गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि सरकारने एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सात सभासदांपैकी तीन भारतीय होते. या आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदार तपासले. त्यांत डॉक्टर होते, कलेक्टर होते, शेतकरी व व्यापारीही होते. १८९४ मध्ये जो अहवाल तयार झाला तो तीन हजारांहून अधिक पानांचा आहे.

या आयोगाची एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. 'गांजाने माणसे वेडी होतात' हा त्या काळीही ठाम समज होता आणि वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे त्याला पुरावा म्हणून दिले जात. आयोगाने त्या आकड्यांच्या मुळाशी जाऊन एकेक प्रकरण तपासले. तेव्हा दिसून आले की वेडाचे कारण म्हणून 'गांजा' ही नोंद पुष्कळदा रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदावरून उतरवून घेतलेली होती. डॉक्टरी तपासणीशी तिचा संबंध नव्हता. लेखापरीक्षण म्हणतात ते हेच. खतावणीतला आकडा खरा मानण्याआधी त्याची पावती मागायची.

आयोगाचा निष्कर्ष असा होता : बेताच्या सेवनाने बहुतेकांना म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि शहाणपणाचीही नाही. लागवडीला परवाना ठेवावा, कर पुरेसा बसवावा, दुकानांची संख्या मर्यादित राखावी. पुढे बंगालमध्ये नौगाव येथे १९१७ साली गांजा उत्पादकांची चक्क सहकारी संस्था निघाली आणि तिच्या नफ्यातून शाळा व दवाखाने चालले. सहकार हा विषय आम्हांला अभ्यासाला आहे. हे उदाहरण मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेले नाही.

मग बंदी आली कुठून? १९६१ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला अत्यंत घातक पदार्थांच्या पंगतीत बसवण्यात आले. भारताने आपल्या रूढीसाठी पंचवीस वर्षांची सवलत राखून घेतली होती. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा झाला. म्हणजे आपल्या देशातल्या चौकशीचे निष्कर्ष बासनात राहिले आणि बाहेरच्या कराराचे कलम अंमलात आले. विशेष हे की डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला त्या अतिघातक यादीतून काढले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला आणि भारताचे मत काढण्याच्या बाजूने होते! परदेशात आपण एक हात वर केला आणि घरी दुसऱ्या हाताने जुनाच कायदा चालवीत आहोत.

बाजाराचा नियम

आता हिशेबाकडे वळू. केंद्र सरकारने दिल्लीच्या 'एम्स'मार्फत केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांपैकी काहीतरी सेवन केलेले लोक देशात सुमारे ३ कोटी १० लाख होते. त्यांत बेकायदा असलेला गांजा व चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. बंदी येऊन तेहतीस वर्षे झाल्यानंतरचा हा आकडा आहे.

ज्या वस्तूची मागणी किमतीने फारशी हलत नाही तिचा पुरवठा दाबला तर काय होते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. किंमत वाढते आणि ती वाढ धोका पत्करणाऱ्याच्या खिशात जाते. समजा, दहा रुपये उत्पादनखर्चाची वस्तू शंभराला विकली जाते. मधले नव्वद रुपये म्हणजे काय? थोडी वाहतूक, थोडी लाच आणि बाकी सारे जोखमीचे मोल. कायदेशीर धंद्यात यातला मोठा वाटा कर म्हणून सरकारजमा झाला असता. बंदीखाली तो टोळीजमा होतो. कर रद्द झाला असे नव्हे. कर वसूल करणारा बदलला. आणि हा नवा वसूलदार पावती देत नाही, मालात काय मिसळले ते सांगत नाही आणि गिऱ्हाईकाचे वय विचारीत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आंध्र पोलिसांनी सुमारे दोन लाख किलो गांजा एका ठिकाणी रचून जाळला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. विशाखापट्टणमच्या डोंगरी भागात आणि लगतच्या ओडिशात हे पीक घेणारा बहुतांशी गरीब आदिवासी शेतकरी. त्याची शेते नांगरून टाकली, माल जाळला. पण मागणी जळली नाही. म्हणून तो धंदा एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जातो. तुरुंगात जातो तो डोक्यावर पोते वाहणारा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याला.

इथे आपल्या निपाणीची आठवण केल्यावाचून राहवत नाही. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले आणि त्या आंदोलनाने सारा देश हलला. तंबाखू काय आरोग्यदायी पीक आहे? तिच्यापायी होणारे कर्करोग आपण आपल्या घरांत पाहतो. तरीही तो शेतकरी उजळ माथ्याने रस्त्यावर बसून 'माझ्या मालाला भाव द्या' असे म्हणू शकला, कारण त्याचे पीक कायदेशीर होते. गांजा पिकवणाऱ्या आदिवासीला व्यापाऱ्याने बुडवले तर तो कुठल्या रस्त्यावर बसणार?

दारूचे पाहा. त्याच 'एम्स'च्या पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी आढळले आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे घातक वा अवलंबित्वाच्या पातळीचे होते. भांग-गांजाच्या बाबतीत मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख होते. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेये आणि मादक द्रव्ये एकाच वाक्यात, एकाच दमात निषिद्ध मानली आहेत. पण पेयांतून कर्नाटक सरकारला २०२३-२४ या वर्षात ३० हजार कोटी रुपयांहून अधिक अबकारी उत्पन्न मिळाले आणि द्रव्यांसाठी मात्र पोलीस, न्यायालये व तुरुंग यांवर खर्च होतो. एका हाताने जमा आणि दुसऱ्या हाताने नावे, आणि दोन्ही खात्यांचे तत्त्व एकच! १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्या काळच्या हातभट्ट्यांच्या गोष्टी घरातली वडीलधारी माणसे अजून सांगतात. दारूच्या बाबतीत तो धडा आपण घेतला.

गांजातून सरकारला नेमके किती उत्पन्न मिळेल? येथे मी सावध राहू इच्छितो. गांजा-उद्योगाशी संबंधित एका परदेशी संस्थेच्या आकड्यांवरून दिल्ली-मुंबईतल्या खपाचे अमुक टन आणि कराचे तमुक कोटी असे हिशेब सर्रास मांडले जातात. ज्याला माल विकावयाचा आहे त्याने केलेली मोजणी कुणी ताळेबंदात घेऊ नये. त्यापेक्षा घडलेले पाहावे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या पहिल्या दिवसापासून गांजाची कायदेशीर किरकोळ विक्री सुरू झाली. २०२१ मध्ये त्या राज्याला यातून ४२ कोटी डॉलर मिळाले आणि काही भाग शाळांच्या इमारतींसाठी राखून ठेवण्यात आला. पण २०२३ मध्ये हे उत्पन्न २७ कोटींच्या आसपास उतरले, कारण शेजारची राज्येही या धंद्यात आली आणि भाव पडले. म्हणजे गांजा ही काही कामधेनू नव्हे. पण खर्चाच्या बाजूचा एक आकडा जमेच्या बाजूला आला, एवढे नक्की.

औषधाची बाजू

आता या विषयाचा जो भाग मला सर्वांत निकडीचा वाटतो त्याकडे येतो. पाश्चात्त्य वैद्यकाला गांजाची ओळख करून दिली ती भारतातूनच. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये संधिवात, धनुर्वात, लहान मुलांचे झटके यांवर केलेल्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. आयुर्वेदात तर 'विजया' नावाने ती आधीपासून आहेच. १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने गांजातील नशा आणणाऱ्या द्रव्याची, टीएचसीची, रचना उलगडली. दुसरे द्रव्य सीबीडी. त्याने नशा येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांतील दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारावर, ज्यांत दिवसाकाठी अनेकवार झटके येतात, सीबीडीचे औषध मान्य केले. केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांवर टीएचसीची कृत्रिम गोळी तिथे १९८५ पासून मान्य आहे. होय, १९८५! ज्या वर्षी आपण गांजाला तुरुंगात टाकले त्याच वर्षी तिथे त्याचा मुख्य गुण गोळीत भरून औषधाच्या दुकानात आला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये हजारो शोधनिबंध तपासून अहवाल दिला. प्रौढांतील जुनाट वेदना, केमोथेरपीच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जाविकारातील स्नायूंचा ताठरपणा या तीन बाबतींत गांजाजन्य औषधांचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा असल्याचे त्यात म्हटले आहे. बाकी पुष्कळ दाव्यांना तसा पुरावा नाही, हेही त्याच अहवालात आहे. 'गांजाने कर्करोग बरा होतो' असे सांगत तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे, ते यासाठीच.

माझ्या आत्याची केमोथेरपी चालू असताना मी तिच्यासोबत जात असे. उलट्यांची नेहमीची औषधे तिला दिली जात. काही दिवस लागू पडत, काही दिवस नाही. गांजापासूनचे औषध तिला लागू पडलेच असते असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांच्या हातात आणखी एक पर्याय असता. तो नसण्याचे कारण वैद्यकीय नव्हते.

कुणी म्हणेल, मादक पदार्थ औषधासाठी पिकवू दिला तर तो चोरवाटेने फुटेल. मग अफूचे काय? मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे एक लाखाहून अधिक शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात. केंद्रीय नार्कोटिक्स विभागाचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. तिथली आपली मराठी मंडळी ते रोज पाहत असतील. शेत मोजले जाते, सारा माल सरकार विकत घेते, नीमच व गाझीपूरच्या कारखान्यांत तो जातो आणि त्यातून मॉर्फिन तयार होते. थोडा माल फुटतो हे खरे; पण त्यासाठी कुणी मॉर्फिन बंद करा असे म्हणत नाही. अफू ही गांजाहून कितीतरी अधिक घातक. मोठ्या भावाला परवाना आणि धाकट्याला बेडी, यात तर्क कोणता?

विरोधी बाजू

ताळेबंदाची एकच बाजू दाखवणे ही लबाडी होईल. गांजा निरुपद्रवी नाही. ज्या २०१७ च्या अहवालाचा मी आधार घेतला त्यातच म्हटले आहे की गांजाच्या सेवनाचा स्किझोफ्रेनिया व तत्सम मनोविकारांशी संबंध आढळतो आणि सेवन जितके जास्त तितका धोका जास्त. गांजा ओढून गाडी चालवल्यास अपघाताचा संभव वाढतो. सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे नऊ टक्के लोक त्याच्या आहारी जातात. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक असे सांगितले जाते. आपल्या वयाच्या मुलांनी हे आकडे दोनदा वाचावेत.

पण या प्रत्येक धोक्यावर बंदीचा उपाय काय आहे? अल्पवयीन मुलाला पुडी विकू नये अशी अट तस्करावर कोण घालणार? मालाची तीव्रता किती हे पुडीवर कोण छापणार? ज्याला झटका आला त्याचे आईवडील पोलिसांच्या भीतीने डॉक्टरकडे उशिरा जातात, त्याचे काय? ज्या धोक्यांसाठी बंदी हवी असे म्हटले जाते, त्याच धोक्यांसाठी नियंत्रण हवे आणि बंदीखाली नियंत्रण अशक्य आहे.

घाईने दार उघडू नये हेही खरे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला. पण त्याच्या विक्रीचा नीट कायदा आधी केला नाही. गल्लोगल्ली दुकाने निघाली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला, पण औषधाच्या दुकानांतून विक्री सुरू केली ती २०१७ मध्ये, ग्राहकांची नोंदणी करून. आपण उरुग्वेचा धीमेपणा घ्यावा.

मग करावे काय?

माझ्या मते तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी औषध व उद्योग यांची. यासाठी नवा कायदाही नको. सध्याच्याच कायद्यात वैद्यकीय व शास्त्रीय कारणासाठी मुभा आहे, तसेच धागा व बियांसाठी लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये असा परवाना दिला. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये प्रायोगिक अभ्यासाला मान्यता दिली. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत औषधासाठी लागवड चालू आहे. गोव्यातही २०२० च्या अखेरीस असा प्रस्ताव पुढे आला होता. राजकीय गदारोळात तो मागे पडला. कर्नाटक व महाराष्ट्र यांनी कृषी विद्यापीठांमार्फत सुरुवात का करू नये?

दुसरी पायरी म्हणजे स्वतःपुरता अल्प साठा बाळगणाऱ्यावरचा फौजदारी खटला बंद करणे. ज्या पोर्तुगालने गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले, त्याने २००१ मध्येच हे केले. तिथे अशा माणसाला न्यायालयाऐवजी समुपदेशन मंडळापुढे नेतात. आपल्या कायद्यातही उपचार स्वीकारणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारे कलम आहे. ते अपवादाऐवजी नियम व्हावे.

तिसरी पायरी शेवटची : एकवीस वर्षांवरील व्यक्तींसाठी सरकारी दुकान, जाहिरातीस पूर्ण मनाई, तीव्रतेवर मर्यादा, तीव्रतेच्या प्रमाणात कर आणि त्या कराचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्ती व मानसोपचार केंद्रांसाठी राखीव. ही पायरी १९६१ च्या कराराशी टक्कर घेणारी आहे, हे मान्य. कॅनडाने २०१८ मध्ये ती टक्कर घेतली. आपण निदान पहिल्या दोन पायऱ्या चढून मग तिसरीचा विचार करावा.

पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये अफू व गांजा यांच्या नियंत्रित विक्रीसाठी खासगी विधेयक पुढे आणले होते. ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्यासारख्याला जे बोलण्याची भीती वाटली नाही, ते बोलण्यास आपण का लाजावे? प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत 'व्यसन : एक कीड' ऐवजी 'गांजाबंदी उठवावी की नाही?' असा वादविवाद ठेवावा, दोन्ही बाजू आणि दोन्ही भाषांत. माझ्या आकड्यांत चूक असल्यास तिथे ती दाखवावी. चाळीस वर्षांचा हा हिशेब एकदा तरी लेखापरीक्षकापुढे ठेवलाच पाहिजे. कारण त्यातली तूट खिशात पुडी सापडलेल्या पोराच्या, डोंगरातल्या शेतकऱ्याच्या आणि झटके येणाऱ्या लेकराच्या नावावर रोज चढते आहे.